सुतारकामातील सांध्यांवर विकिपीडियात लिहायचंय? मग भरवशाचे संदर्भ शोधायचे कुठे?

जपानी सुतार दोन लाकडं एकमेकांत सरकवतो, वरून एक टोला मारतो आणि जोड कुठे आहे तेही दिसेनासं होतं. असे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. खालचं कॅप्शनही ठरलेलं असतं: एकही खिळा न वापरता हजार वर्षं उभी असलेली मंदिरं!

ऐकायला छान वाटतं. पण जपानच्या नारा प्रांतातलं होर्यू-जी हे बौद्ध मंदिर घ्या. सातव्या शतकातलं हे मंदिर जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये मोडतं आणि त्यात लोखंडी खिळे आहेत. विसाव्या शतकात मंदिराची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा हे जुने खिळे अभ्यासकांच्या हाती आले. सांध्यांचं कौशल्य खरंच थक्क करणारं आहे, फक्त ‘एकही खिळा नाही’ हे सरसकट विधान खरं नाही.

आता समजा कुणी हेच कॅप्शन विकिपीडियाच्या लेखात टाकलं. तिथून ते शाळेच्या प्रोजेक्टमध्ये, बातमीत आणि एआय चॅटबॉटच्या उत्तरात जाईल. म्हणूनच ‘याला संदर्भ काय?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सुतारकामाच्या बाबतीत मात्र त्याचं उत्तर शोधणं वाटतं तितकं सोपं नाही.

सांध्यांवर लिहिणं अवघड का आहे?

सांधा म्हणजे लाकडाचे दोन किंवा अधिक तुकडे एकमेकांना जोडण्याची पद्धत. एका लाकडाला चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याच्या टोकाला त्या मापाचं कुसू काढायचं आणि ते भोकात बसवायचं, हा सर्वांत ओळखीचा प्रकार. इंग्रजीत त्याला मॉर्टिस-टेनन म्हणतात. दाराची चौकट, खाट, टेबल, बैलगाडीच्या तुंब्यात बसवलेले आरे, सगळीकडे हेच तत्त्व आहे. दोन्ही लाकडं अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवली की हाफ-लॅप. पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत अडकवले की डव्हटेल.

हे ज्ञान हजारो वर्षं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. मुलगा वडिलांच्या शेजारी बसून पटाशी धरायला शिकला. लाकडाचे रेषे कुठल्या दिशेला आहेत, कुसू किती घट्ट ठेवायचं, पावसाळ्यात दार फुगेल म्हणून किती जागा सोडायची, हे कुणी वहीत उतरवलं नाही. तशी गरजही नव्हती.

विश्वकोशाला मात्र लिखित पुरावा लागतो. अडचण इथेच आहे. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांनी लिहिलेलं नाही आणि ज्यांनी लिहिलं त्यातल्या अनेकांनी कधी रंधा हातात धरलेला नाही.

ही अडचण नवी नाही. फ्रान्समध्ये १७५१ ते १७७२ या काळात देनी दिदरो यांच्या संपादनाखाली ‘आँसिक्लोपेदी’ हा प्रसिद्ध ज्ञानकोश निघाला. मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड. कारागिरांच्या धंद्यांवर लिहायची वेळ आली, तेव्हा पुस्तकांत पुरेशी माहिती नाही हे संपादकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कारखान्यांत जाऊन कारागिरांना प्रश्न विचारले आणि अवजारांची चित्रं काढून घेतली. दिदरो स्वतः सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा होता.

मग आज विकिपीडियावर तसंच का करता येत नाही?

कारण विकिपीडियाचा नियम वेगळा आहे. इथे कुणीही लेख संपादित करू शकतं. लिहिणारा माणूस खरा सुतार आहे की नाही, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे भरवसा लिहिणाऱ्यावर ठेवायचा नसतो, त्यानं दिलेल्या संदर्भावर ठेवायचा असतो.

यासाठी दोन मूलभूत तत्त्वं आहेत.

• पडताळणी: लेखातली माहिती आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी प्रकाशित झालेली असली पाहिजे आणि वाचकाला ती तपासता आली पाहिजे. माहिती खरी असणं एवढंच पुरेसं नाही.

• स्वतःचं संशोधन नको: ‘मी तीस वर्षं हे काम करतोय, मला माहीत आहे’ हा विकिपीडियासाठी पुरावा होत नाही. चार पुस्तकांतली वाक्यं जोडून, त्यातल्या एकाही पुस्तकात नसलेला निष्कर्ष काढणंही चालत नाही.

संदर्भ नसलेल्या वाक्यापुढे मराठी विकिपीडियात ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली जाते. ती खूण म्हणजे आरोप नव्हे. हे वाक्य कुणीतरी तपासायचं बाकी आहे, एवढाच तिचा अर्थ.

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ याला कुणी संदर्भ मागत नाही. तसंच ‘मॉर्टिस-टेनन जोडात एक भोक आणि एक कुसू असतं’ यावर वाद होणार नाही. पण ‘हा सर्वांत जुना सांधा आहे’, ‘हा सर्वांत मजबूत आहे’, ‘याचा शोध अमुक देशात लागला’ अशी विधानं आली की संदर्भ लागतोच. सांध्यांवरच्या लेखांत नेमकी अशीच वाक्यं जास्त असतात.

जुनी पुस्तकं कोणती? ती मिळतात कुठे?

जमेची बाजू अशी की युरोपातल्या सुतारकामावर साडेतीनशे वर्षांपासून छापील साहित्य आहे आणि त्यातलं बरंच कॉपीराइटमुक्त आहे.

इंग्रजीत सुरुवात होते जोसेफ मॉक्सन यांच्या ‘मेकॅनिक एक्सरसाइजेस’पासून. १६७७-७८ पासून हे लेखन भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलं. त्यात जोडकामावर स्वतंत्र भाग आहे. फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रुबो यांचा ‘लार द्यू मन्वीझिए’ हा ग्रंथ १७६९ पासून निघू लागला. रुबो स्वतः कसलेले सुतार होते आणि त्यांच्या ग्रंथात साडेतीनशेहून अधिक चित्रपट्ट आहेत. विसाव्या शतकात विल्यम फेअरहॅम यांनी संपादित केलेलं ‘वुडवर्क जॉइंट्स’ आलं, ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचता येतं. त्याच नावाचं चार्ल्स हेवर्ड यांचं १९५० चं पुस्तक आजही कारागिरांच्या हाताशी असतं. जपानी सांध्यांसाठी कियोसी सेइके यांचं ‘द आर्ट ऑफ जॅपनीज जॉइनरी’ हे १९७७ चं पुस्तक नेहमी उद्धृत केलं जातं.

चीनमध्ये तर सोंग राजवटीत, ११०३ साली, ‘यिंगझाओ फाशी’ हा बांधकामाचा सरकारी नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. लाकडी इमारतींचे भाग, त्यांची मापं आणि त्यासाठी लागणारं मनुष्यबळ यांचे तपशील त्यात आहेत.

इंटरनेट आर्काइव्ह, हाथीट्रस्ट आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या तीन ठिकाणी जुन्या पुस्तकांचे स्कॅन मिळतात. नव्या आणि महागड्या जर्नल्ससाठी विकिपीडिया लायब्ररी ही सोय आहे. खातं किमान सहा महिने जुनं असेल, ५०० संपादनं झाली असतील आणि गेल्या महिन्यात किमान १० संपादनं केली असतील, तर अनेक सशुल्क संग्रह मोफत उघडता येतात.

मात्र पुस्तक जुनं आहे म्हणून ते बिनचूक असतं असं नाही. मॉक्सनच्या पुस्तकातल्या जोडकामाच्या अवजारांच्या चित्रांचंच बघा. त्यातली अनेक चित्रं १६७६ च्या फेलिबियाँ यांच्या फ्रेंच पुस्तकावरून उतरवलेली आहेत. त्यामुळे त्या चित्राचा संदर्भ देऊन ‘सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये असा रंधा वापरत’ असं लिहिलं, तर संदर्भ असूनही वाक्य चुकू शकतं. अशा वेळी आजच्या अभ्यासकांनी त्या जुन्या पुस्तकावर काय लिहिलंय, ते शोधणं शहाणपणाचं.

‘जगातला सर्वांत जुना सांधा’ कोणता?

हा प्रश्न सोशल मीडियावर हमखास येतो आणि त्याचं उत्तर पुस्तकांपेक्षा पुरातत्त्वाच्या शोधनिबंधांत सापडतं.

२०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात पूर्व जर्मनीतल्या चार नवाश्मयुगीन विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या विहिरी ओकच्या लाकडांनी आतून बांधलेल्या होत्या. झाडांच्या वलयांवरून त्या लाकडांचा काळ इसवी सनपूर्व ५४६९ ते ५०९८ असा निघाला. त्यात कोपऱ्यांचे खाचजोड होते आणि पाचर मारून पक्के केलेले मॉर्टिस-टेनन जोडही होते. म्हणजे धातूची अवजारं येण्याआधी, दगडी वाकसांनी हे काम झालं होतं.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातून झांबियातल्या कलाम्बो धबधब्याजवळचा शोध जाहीर झाला. तिथे दोन ओंडके एकमेकांवर आडवे बसवलेले आढळले आणि ते बसावेत म्हणून मुद्दाम खाच पाडलेली होती. वय किमान ४ लाख ७६ हजार वर्षं. आपली होमो सेपियन्स ही प्रजाती तेव्हा अस्तित्वात आल्याचा पुरावा नाही.

यातून लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, ‘सर्वांत जुना’ असं लिहिताना कोणत्या वर्षीच्या अभ्यासानुसार ते सांगायचं, कारण उत्तर बदलतं. दुसरी, कशातला सर्वांत जुना तेही सांगायचं. झांबियातली खाच आणि जर्मनीतलं पाचर मारलेलं कुसू या एकाच प्रकारच्या गोष्टी नाहीत. ‘मॉर्टिस-टेनन ४ लाख ७६ हजार वर्षं जुना’ असं लिहिलं तर ते चूक ठरेल, खाली ‘नेचर’चा संदर्भ असला तरीही.

इजिप्तमध्ये १९५४ साली पिरॅमिडच्या पायथ्याशी सापडलेली खुफू राजाची नौका, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं उलुबुरुन इथलं इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातलं बुडालेलं जहाज, यांच्या फळ्यांतही कुसू-भोकाचे जोड आहेत. इंग्लंडमध्ये सेसिल ह्युएट यांनी एसेक्स परगण्यातल्या जुन्या कोठारांचे आणि चर्चचे सांधे अभ्यासून, सांध्याच्या घडणीवरून इमारतीचा काळ सांगता येतो का, यावर पुस्तकं लिहिली. अशा ठिकाणी सांधा हाच इतिहासाचा पुरावा होतो.

‘सर्वांत मजबूत’ म्हणताना काय तपासायचं?

इथे चुकीची किंमत जास्त आहे. माळ्याची तुळई किंवा पाळण्याचा सांधा कुणी इंटरनेटवर वाचून करत असेल, तर मजबुतीचं वाक्य त्याच्या सुरक्षिततेशी जोडलेलं असतं.

यासाठी सर्वांत सोयीचा स्रोत म्हणजे अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं ‘वुड हँडबुक’. हे सरकारी प्रकाशन मोफत मिळतं आणि वेळोवेळी त्याची नवी आवृत्ती निघते. हिरवं लाकूड पूर्ण सुकताना सागवान वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने २.५ टक्के आकसतं, असे आकडे त्यात जातीनुसार दिलेले आहेत. ‘सागवान फारसं हलत नाही’ या मोघम वाक्याऐवजी असा आकडा दिला, तर वाचकाला खरंच काही मिळतं. आर. ब्रूस होडली यांचं ‘अंडरस्टँडिंग वुड’ हेही या विषयावरचं मान्यवर पुस्तक. फर्निचरच्या जोडांच्या मजबुतीवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात कार्ल एकेलमन यांनी अनेक वर्षं संशोधन केलं, त्यांचे निबंधही उपयोगी पडतात.

आता एक अवघड उदाहरण. लाकडाच्या कापलेल्या टोकाला, म्हणजे जिथे रेषे संपतात तिथे, सरस किंवा फेव्हिकॉल लावून केलेला जोड कमकुवत असतो, हे सगळी पुस्तकं सांगतात. २०२१ मध्ये यूट्यूबवरच्या एका प्रयोगानं उलटं दाखवलं. टोकाला टोक चिकटवलेला जोड, कडेला कड चिकटवलेल्या जोडापेक्षा जास्त भार घेऊन मग तुटला. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि ‘पुस्तकं चुकली’ अशी चर्चा रंगली.

मग विश्वकोशात काय लिहायचं? दोन्ही गोष्टी एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची तुलना वेगवेगळी आहे. लाकूड रेषांच्या दिशेने खूप मजबूत असतं आणि आडवं ओढलं की सहज फाटतं. कडेचा जोड तुटताना बहुतेक वेळा सरस सुटत नाही, शेजारचं लाकूड फाटतं. टोकाच्या जोडाची ताकद या आडव्या ताकदीपेक्षा जास्त भरू शकते. पण अखंड लाकडाच्या उभ्या ताकदीच्या मानाने ती फारच कमी असते आणि हँडबुकांचा मुद्दा हाच आहे.

यूट्यूब व्हिडिओ हे स्वयंप्रकाशित माध्यम आहे. तिथे तपासणारा संपादक नसतो. म्हणून विकिपीडिया असे स्रोत सहसा स्वीकारत नाही. बोलणारी व्यक्ती त्या क्षेत्रातली मान्य तज्ज्ञ असेल आणि तिचं काम इतर ठिकाणी प्रकाशित झालेलं असेल, तर मर्यादित अपवाद होतो. एखाद्या व्हिडिओवर नियतकालिकानं किंवा अभ्यासकानं लिहिलं असेल, तर त्या लेखाचा संदर्भ द्यावा.

‘फाइन वुडवर्किंग’सारखी संपादित मासिकं यापेक्षा वरची पायरी. या मासिकानं २००९ मध्ये चौकटीच्या कोपऱ्यातले १८ प्रकारचे जोड तोडून पाहिले होते, त्यात हाफ-लॅप सर्वांत वर आला. पण तो निकाल त्या लाकडाचा, त्या मापाचा आणि त्या दिशेने दिलेल्या भाराचा होता. त्यावरून ‘हाफ-लॅप हा जगातला सर्वांत मजबूत सांधा’ असं लिहिता येत नाही. ‘अमुक चाचणीत अमुक प्रकारच्या भाराखाली’ हे शब्द वाक्यात हवेतच.

इमारतीच्या लाकूडकामासाठी भारतात मानकं आहेत. लाकडी बांधकामाच्या आराखड्यासाठी ‘आयएस ८८३’ आणि खिळ्यांनी केलेल्या जोडांसाठी ‘आयएस २३६६’. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही लाकूड आणि बांबूवर स्वतंत्र विभाग आहे.

भारतातल्या आणि मराठी सांध्यांबद्दल काय?

इंग्रजी लेखांमध्ये सांध्यांचा इतिहास युरोप, चीन आणि जपानभोवती फिरतो. भारत एखाद्या ओळीत येतो किंवा येतच नाही. स्रोतच नाहीत म्हणून असं होतं का? तसं नाही. फक्त ते वेगळ्या कपाटात आहेत.

संस्कृत ग्रंथ: ‘मानसार’ आणि ‘मयमत’ या वास्तुशास्त्राच्या दोन्ही ग्रंथांत लाकडं जोडण्यावर ‘संधिकर्म’ हा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मल्ललील, ब्रह्मराज, वेणुपर्व अशी नावं येतात. मानसाराचं इंग्रजी भाषांतर पी. के. आचार्य यांनी केलं, तर मयमताचं ब्रुनो दाजँ यांनी. मात्र ग्रंथात काय सांगितलंय आणि सुतार प्रत्यक्षात काय करत होता, या दोन वेगळ्या गोष्टी. मयमत ही दक्षिणेतली परंपरा आहे. तिचा संदर्भ देऊन साताऱ्यातल्या वाड्याचे सांधे समजावता येणार नाहीत.

दगडातलं सुतारकाम: सांची आणि भरहुतच्या स्तूपांभोवतीचे दगडी कठडे पाहा. उभ्या खांबांना भोकं पाडून त्यात आडवे दगड बसवले आहेत. ही पद्धत लाकडाची आहे, साहित्य तेवढं दगड. अलेक्झांडर कनिंगहॅम यांचं भरहुतवरचं १८७९ चं पुस्तक आणि फर्ग्युसन-बर्जेस यांचं भारतीय लेण्यांवरचं १८८० चं पुस्तक, दोन्ही ऑनलाइन वाचता येतात. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत.

गावगाड्यातला सुतार: बारा बलुतेदारांपैकी एक म्हणजे सुतार. त्र्यं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गाव-गाडा’ या पुस्तकात बलुतेदारीची सविस्तर माहिती आहे. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियर्समध्येही सुतारांची नोंद सापडते. सुताराचं काम, मोबदला आणि समाजातलं स्थान यासाठी हे स्रोत चांगले, पण वसाहतकाळातल्या नोंदी वाचताना जातींबद्दलची तेव्हाची भाषा जशीच्या तशी उचलायची नसते.

मराठी शब्द: सांध्याला मराठीत काय म्हणतात, यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडा. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. धंद्यांमधले पुष्कळ शब्द त्यात आहेत. इंग्रजी शब्दाचं स्वतःच भाषांतर करून ‘कपोतपुच्छ संधी’ असा नवा शब्द घडवण्यापेक्षा, सुतार वापरतो तो शब्द कोशात आहे का हे आधी बघावं. नसेल तर सरळ ‘डव्हटेल’ लिहावं.

मराठी विश्वकोश आणि आयटीआयची पुस्तकं: वाईहून निघालेला मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे आणि त्यात सुतारकामावर नोंद आहे. विश्वकोशातली नोंद ढोबळ चित्रासाठी उत्तम, तपशिलासाठी मात्र मूळ पुस्तकापर्यंत जावं लागतं. आयटीआयच्या कारपेंटर ट्रेडसाठी चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था पाठ्यपुस्तकं काढते. वेगवेगळे सांधे, त्यांची मापं आणि करण्याच्या पायऱ्या यासाठी ती उपयोगी आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी विकिपीडियावर मराठी पुस्तकाचा संदर्भ देता येतो. स्रोत विश्वासार्ह हवा, तो इंग्रजीच हवा असं नाही.

जे कुठेच छापलेलं नाही, त्याचं काय करायचं?

विकिपीडियाच्या नियमांची खरी कसोटी इथे लागते. एखाद्या सुतारानं आयुष्यभर वापरलेला सांधा कुठल्याच पुस्तकात नसेल, तर विश्वकोशाच्या दृष्टीनं तो जणू नाहीच.

यावर २०११ मध्ये एक प्रयोग झाला. अचल प्रभाला यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या पाठबळावर भारत आणि दक्षिण आफ्रिकेत ‘मौखिक संदर्भ’ गोळा केले. लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांचा संदर्भ मल्याळम, हिंदी आणि सेपेडी विकिपीडियाच्या लेखांत द्यायचा, अशी कल्पना होती. त्यावर ‘पीपल आर नॉलेज’ हा माहितीपटही निघाला. ही पद्धत सर्वमान्य झाली नाही. मुलाखत कोण तपासणार, हा आक्षेप कायम राहिला. पण पुस्तकांत नसलेल्या ज्ञानाचं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला.

नौदलाच्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’चं उदाहरण ताजं आहे. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून हे शिडाचं जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. पाचव्या शतकातल्या अशा जहाजाचा आराखडा उपलब्ध नव्हता. आधार होता अजिंठ्यातल्या एका चित्राचा. बाकीचं काम केरळच्या कारागिरांच्या हातातल्या ज्ञानानं आणि आधुनिक चाचण्यांनी केलं. या जहाजाबद्दल सरकारी पत्रकं, बातम्या आणि छायाचित्रं आता उपलब्ध आहेत. म्हणजे जे ज्ञान फक्त हातात होतं, त्याची कागदावर नोंद झाली.

सामान्य माणसाला असं काही करता येतं का? हो, तीन गोष्टी करता येतात.

• फोटो: स्वतः काढलेला सांध्याचा फोटो किंवा आकृती मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर टाकता येते. त्यातून नवा, अप्रकाशित दावा मांडला जात नसेल, तर ‘स्वतःचं संशोधन नको’ हा नियम आडवा येत नाही. जुना वाडा पाडला जात असेल, तर सुट्या झालेल्या तुळईच्या टोकाचा फोटो पुढे फार मोलाचा ठरू शकतो.

• आधी प्रकाशन, मग विश्वकोश: सुताराची मुलाखत वर्तमानपत्राकडे, मासिकाकडे किंवा विद्यापीठाच्या विभागाकडे न्यावी. संपादकाच्या हाताखालून ती प्रसिद्ध झाली की तिचा संदर्भ देता येतो.

• चर्चापान: लेखात चूक दिसते पण पुस्तक सापडत नाही? लेखाच्या चर्चापानावर तसं लिहावं. ज्याच्याकडे पुस्तक आहे, तो पुढचं काम करू शकतो.

फिरून-फिरून येणारे संदर्भ कसे ओळखायचे?

इंग्रजी विकिपीडियावर २०१२ मध्ये टोस्टरच्या एका काल्पनिक स्कॉटिश संशोधकाबद्दल लेख तयार झाला. तो मित्रांमधला विनोद होता. पण वृत्तपत्रांनी आणि पुस्तकांनी ती माहिती उचलली, मग तीच वृत्तपत्रं लेखाचे ‘संदर्भ’ बनली. २०२२ मध्ये प्रकरण उघडकीला येईपर्यंत दहा वर्षं गेली.

सांध्यांच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. अवजारं विकणाऱ्या कंपन्यांचे ब्लॉग सर्रास विकिपीडियावरून मजकूर घेतात. तोच ब्लॉग संदर्भ म्हणून दिला, की वर्तुळ पूर्ण होतं. म्हणून वाक्य कुठे आधी आलं, हे पाहायचं. विकिपीडियाच्या लेखाच्या ‘इतिहास’ टॅबमध्ये प्रत्येक बदलाची तारीख असते. ब्लॉग त्यानंतरचा असेल आणि शब्द तेच असतील, तर तो संदर्भ सोडून द्यावा.

एआय चॅटबॉटनं सुचवलेल्या पुस्तकांबाबतही तेच. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही, असं होऊ शकतं. पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत शोधावं, पान उघडावं, वाक्य वाचावं आणि मगच संदर्भ लिहावा.

संदर्भ देण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. हे कुणी लिहिलंय आणि ते कुणी तपासलंय?

२. माझं वाक्य त्या पानावर खरंच आहे का, की मी त्यात भर घातली?

३. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक दिला आहे का? तीनशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं नाव देणं म्हणजे वाचकाला गवताच्या गंजीत सुई शोधायला लावणं.

४. ‘सर्वांत’ हा शब्द खरंच लागतो का? त्याऐवजी वर्ष, ठिकाण किंवा आकडा देता येईल का?

५. चित्र उचललं असेल, तर त्यावर कुणाचा हक्क आहे? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पुस्तकाचा संदर्भ देणं आणि त्यातली आकृती छापणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत चीनच्या लाकडी बांधकामाचं कौशल्य २००९ मध्ये आणि जपानच्या लाकडी वास्तू जतन करण्याचं कौशल्य २०२० मध्ये आलं. त्या परंपरांची नोंद, चित्रं आणि पुस्तकं आधीपासून तयार होती. मराठी मुलखातल्या वाड्यांचे, बैलगाड्यांचे आणि होड्यांचे सांधे करणारे हात अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन कुणी नोंद करून ठेवली, तर पुढच्या पिढीतल्या विश्वकोशात ‘संदर्भ हवा’ ही खूण एका ठिकाणी तरी कमी होईल.